आधी बोलणाऱ्याची जागा

जबलपूरला चेरीतालमधील ज्या घरात माझे बालपण गेले, त्या घरात पत्त्यांचा जोड वर्षभर फडताळात पडून असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मुलांच्या हाती येई आणि दुपारभर मेंढीकोट, बदाम सात, झब्बू असे निरुपद्रवी खेळ चालत. पैसे लावून खेळण्याची मुभा मात्र वर्षातून एका रात्रीपुरतीच होती. लक्ष्मीपूजन आटोपले, की वडील माजघरात सतरंजी अंथरीत, आई तिच्या मधोमध एक पितळी ताट ठेवी आणि मोठ्या माणसांचा फ्लश सुरू होई. आता ज्याला सर्रास तीन पत्ती म्हणतात, तोच हा खेळ. त्या रात्री खेळणे हे कुळाचारासारखे मानले जाई. दुसऱ्या दिवशी कोणी पत्ता हातात घेतला असता, तर त्याच वडिलांनी त्याला बोल लावला असता.

चेरीताल हे नाव मला लहानपणापासून कुतूहलाचे वाटत आले आहे. गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीने राणीताल बांधविला, तिच्या मंत्र्याने, आधारसिंहाने, आधारताल आणि तिच्या दासीने चेरीताल, असे जुने लोक सांगतात. चेरी म्हणजे दासी. राणी १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना पडली. दासीचे पुढे काय झाले, हे कोणी सांगत नाही. जबलपुरात एके काळी बावन ताल होते, असेही सांगण्याची पद्धत आहे. पत्त्यांचा जोडही बावन पानांचा असतो, एवढ्यावरून माझी आत्या म्हणे, की या गावाला पत्त्यांचे वेड असणारच. आता त्यांतील बहुतेक ताल केवळ नावापुरते उरले आहेत आणि त्यांच्या जागी वस्त्या उभ्या आहेत.

या वस्त्यांत आमच्यासारखी मराठी घरे पुष्कळ होती. १७८१ पासून या भागावर सागरच्या मराठ्यांचा आणि १७९८ पासून नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. माणसे मात्र येत राहिली. कोणी कचेरीत, कोणी तारखात्यात, कोणी रेल्वेत, तर कोणी १९०४ मध्ये सुरू झालेल्या तोफगाड्यांच्या कारखान्यात. माझे वडील त्या कारखान्यातच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले आणि जबलपूर दुसऱ्यात राहिले. आमची सोयरीक नागपूरशी आणि शेजार हिंदीशी, अशी घराची रचना कायमची ठरून गेली. दिवाळीला नागपूरचे पाहुणे येत. १९७५ च्या दिवाळीत, मी सतरा वर्षांचा असताना, असेच एक लांबच्या नात्यातले मामा आले होते. त्याच वर्षी मला प्रथमच सतरंजीवर बसण्याचा मान मिळाला.

फ्लशचे नियम सांगितल्यावाचून त्या रात्रीचा अर्थ उलगडणार नाही. प्रत्येकाने ताटात बूट टाकायचा, प्रत्येकाला तीन पाने मिळायची आणि वाटणाऱ्याच्या डाव्या हाताला बसलेल्याने प्रथम बोलायचे. पाने न पाहता खेळणारा तो ब्लाइंड. पाहून खेळणाऱ्याला दुप्पट भरावे लागते. ज्याला पुढे जायचे नाही, त्याने पाने टाकून द्यावीत. ज्याला जायचे आहे, त्याने चाल करावी. समोरच्याने चाल वाढविली आणि आपल्याला ती नुसती हूल वाटली, तरी ‘पाने दाखव’ असे थेट म्हणण्याचा अधिकार आपल्याला नसतो. डावात दोघेच उरले, म्हणजेच शो मागता येतो. तोवर शंका घेणाऱ्याने दर फेरीला शंकेची किंमत मोजीत राहावे लागते. आणखी एक नियम असा, की शो मागितल्यावर दोघांची पाने सारख्या तोलाची निघाली, तर ज्याने शो मागितला तो हरतो. पुराव्याचा भार शंका घेणाऱ्यावर, हे न्यायशास्त्रातले तत्त्व मी पुढे पुस्तकांतून वाचले. त्याचा पहिला पाठ मात्र आमच्या माजघरात मिळाला होता.

याला एक पळवाट आहे. आपल्या आधी चाल केलेल्या माणसाकडे, आपली चाल भरून, साइड शो मागता येतो. म्हणजे दोघांनीच एकमेकांची पाने पाहायची आणि ज्याची हलकी, त्याने ती टाकून द्यायची. मात्र तो देणे न देणे समोरच्याच्या मर्जीवर असते.

तर त्या रात्री एका डावात मामांनी पाने वाटली. त्यांच्या डाव्या हाताला मी, माझ्यानंतर वडील, मग शेजारचे एक गृहस्थ आणि शेवटी आत्या. चार आण्यांचा बूट होता. माझ्या हातात राजा, नव्वी आणि पंजी, तीनही वेगवेगळ्या रंगांची. मी आठ आण्यांची चाल केली. बाकीचे माझ्यामागून आले. फेरी मामांपर्यंत पोहोचली, तशी त्यांनी पाने जरा मोठ्याने सतरंजीवर आपटली आणि रुपया टाकला. त्यांच्या त्या आपटण्यात मला काहीतरी पोकळ वाटले. ज्याच्या हातात खरोखर पाने असतात, तो ती जपतो, असे माझे सतरा वर्षांचे निरीक्षण होते. मी रुपया भरला. वडिलांनी पाने टाकली, शेजाऱ्यांनीही टाकली. आत्येने मुकाट्याने रुपया ठेवला. मामांनी दोन केले. मी दोन भरले आणि साइड शो मागितला. मामा हसले आणि म्हणाले, “इतक्यात? बस जरा.” आत्येने पुन्हा एकवार आपली पाने पाहिली आणि दोन रुपये ठेवले. मामांनी चार केले. मी चार भरले, आत्येने चार भरले आणि मामांनी एकदम पाने फेकून दिली. ती उताणी पडली: एक राणी आणि दोन फुटकळ पाने. माझी शंका अक्षरशः खरी ठरली होती. माझा राजा त्यांच्या राणीहून मोठा होता. त्या आनंदात मी आणखी चार रुपये टाकून आत्येकडे शो मागितला. तिने पाने ठेवली. सत्तीची जोडी.

माझे पावणेबारा रुपये गेले. त्या काळी ती रक्कम माझ्या दृष्टीने मोठी होती. वर्षभराच्या ओवाळणीची आणि बक्षिसांची ती पुंजी होती. वडील त्या रात्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पणत्या गोळा करताना एवढेच म्हणाले, “शंका खरी होती तुझी. पण तुझ्यामागे तिघं बोलायचे होते.”

हे वाक्य मी जन्मभर जवळ बाळगले. त्याचा गणिती अर्थ मला पुढे कळला. बावन पानांतून तीन पानांचे हात होतात एकूण २२,१००. त्यांपैकी १६,४४० हातांत साधी जोडीसुद्धा नसते. म्हणजे चौघांपैकी तिघांच्या हातात काहीच नसते. तेव्हा मोठ्याने चाल वाढविणाऱ्याबद्दल शंका घेणे मुळीच अवाजवी नाही. परंतु ज्याच्यामागे तिघे बोलायचे आहेत, त्याने असाही हिशेब करायला हवा, की त्या तिघांपैकी निदान एकाकडे जोडी किंवा तिच्याहून सरस काही असण्याचा संभव शंभरात सुमारे एकोणसाठ आहे. ताटात दहा रुपये आहेत, समोरच्याने दहा टाकले आणि आपल्याला दहा भरायचे आहेत, असे धरू. तीन वेळांतून एकदा शंका खरी ठरली, तरी एकास एक खेळात आपले नुकसान होत नाही. पण मागे तिघे असतील, तर दोनांतून एकदा शंका खरी ठरूनही आपण ढोबळमानाने पाचांतून एकदाच जिंकतो. माणूस ओळखण्यात चूक झालेली नसते. ज्यांच्याकडे आपले लक्षच नव्हते, ती माणसे आपल्याला हरवितात.

अमेरिकेत वाढलेल्या पोकर या खेळात हे जागेचे शास्त्र फार सूक्ष्म झाले आहे. तेथे सर्वांआधी बोलणाऱ्याच्या जागेला ‘अंडर द गन’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे, तर तोफेच्या तोंडी बसलेला. तोफगाडे बनविणाऱ्या माणसाच्या मुलाला हे नाव विसरणे शक्य नव्हते. शेवटी बोलणाऱ्याला सगळ्यांचे चेहरे, सगळ्यांच्या चाली, सगळ्यांचे मौनही वाचायला मिळते. पहिल्याजवळ स्वतःची पाने आणि स्वतःची शंका यांखेरीज काही नसते. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ मध्ये अशा खेळांचा सिद्धान्त मांडला आणि ओस्कार मॉर्गेनश्टेर्नबरोबर १९४४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात पोकरमधील हुलीचे गणित सोडवून दाखविले. त्यातून निघणारी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हूल देणारा नेहमीच न पकडले जाण्यासाठी खेळत नाही. तो अधूनमधून पकडला गेला, की पुढे त्याच्या खऱ्या पानांवरही लोक पैसे लावतात. मामा हसत पाने फेकतात, त्यामागे हेही असते.

आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मधील एका निकालात रमी हा कौशल्याचा खेळ आहे, असे म्हणताना तीन पानांचा फ्लश निव्वळ नशिबाचा ठरविला होता. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. १८६७ च्या जुगाराच्या कायद्यापासून २०२५ मध्ये संगणकावरील पैशांचे खेळ बंद करणाऱ्या कायद्यापर्यंत राज्यसंस्थेला हीच रेघ कोठे ओढायची हा प्रश्न पडत आला आहे, आणि जुगाराने उद्ध्वस्त झालेली घरे पाहता तो पडायलाच हवा. पान येणे नशिबाचे, हे खरेच. पण आलेल्या पानांवर कोणी, केव्हा, कोणाच्या आधी बोलावे, या प्रश्नात नशिबाखेरीज आणखी काहीतरी आहे. आणि तो प्रश्न सतरंजीवरून उठल्यावरही आपल्याबरोबर येतो.

महाभारताच्या सभापर्वात तो सर्वांत तीव्रपणे येतो. द्रौपदीने दूताकरवी सभेला विचारलेला प्रश्न क्रमाचाच आहे: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला, की मला? जो स्वतःच दास झाला, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? दुर्योधनाच्या बाजूचा दावा किती पोकळ आहे, हे ओळखण्याएवढे शहाणपण त्या सभेत होते. परंतु भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे, असे म्हणून थांबतात, आणि इतर ज्येष्ठही उत्तर टाळतात. उत्तर देतो विकर्ण, दुर्योधनाचाच एक धाकटा भाऊ. द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे तो कारणांसह सांगतो. सभेत क्षणभर त्याची वाहवा होते. मग कर्ण त्याला पोरकट ठरवून गप्प करतो. ज्यांची बोलण्याची पाळी विकर्णाच्या आधी होती, ते मागे सरले, म्हणून तो एकाएकी पहिला झाला. पुढे युद्धात भीम त्याला मारतो आणि मारून हळहळतो. मी तरुणपणी हा प्रसंग शिकविताना विकर्णाच्या धैर्याविषयी बोलत असे. त्याच्या जागेविषयी बोलण्याचे मला सुचत नसे. कदाचित मी ते टाळीत असेन.

टाळण्याला कारण होते. मराठीच्या अभ्यासकाला जुगार आणि पोथी या दोन गोष्टी एकत्र आठवाव्यात, याला तसा आधारही आहे. लीळाचरित्रात चक्रधरांच्या पूर्वायुष्याची जी हकिगत येते, तिच्यात हरिपाळदेव द्यूतात हरतो, पत्नी कमळाइसा अंगावरचे दागिने देत नाही, आणि त्या नकाराने विरक्त होऊन तो रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घर सोडतो. मराठी गद्याच्या आरंभीच्या ग्रंथात अशी एक हरलेली बाजी आहे. त्या ग्रंथाची मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ आहेत. आमच्या विषयात पोथी म्हणजे काय, हे यावरून कळावे. ती हातात आहे, असे म्हणणाऱ्यावर आम्ही विश्वास ठेवतो, कारण विश्वासावाचून हा व्यवसायच चालणार नाही.

१९९३ च्या सुमारास मी एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर नवाच आलो होतो. एका प्राचीन काव्याचे नवे संपादन पाठ्यपुस्तक म्हणून लावावे, असा प्रस्ताव होता. संपादक मोठे नाव असलेले गृहस्थ होते. एका खासगी संग्रहातील जुन्या पोथीवरून आपण पाठ निश्चित केले आहेत, असे त्यांनी प्रस्तावनेत म्हटले होते. पोथीचे वर्णन भरघोस होते. पानांचे मोजमाप, लेखनकाल किंवा एकाही पानाचे छायाचित्र मात्र नव्हते. मी पुस्तक बारकाईने वाचून गेलो होतो. त्या काव्याची एक जुनी छापील आवृत्ती मला चांगली परिचित होती, आणि तिच्यातले तीन उघड मुद्रणदोष या नव्या संपादनात पोथीचे पाठ म्हणून छापलेले मला आढळले होते. पाठचिकित्सेत समान गुणांना फारसे महत्त्व नसते. समान चुकांना असते. दोन प्रतींत योग्य शब्द सारखा असेल, तर तो कोणालाही सुचू शकतो. खिळे जुळविणाऱ्याच्या हातून झालेली चूक शतकापूर्वीच्या लेखनिकाच्या हातून होऊ शकत नाही.

बैठकीत प्रमुखांनी कनिष्ठापासून मते घेण्यास सुरुवात केली. छावणीच्या गावात वाढल्यामुळे ही रीत मला ठाऊक होती. सैनिकी न्यायालयात कनिष्ठ सभासदाने मत आधी द्यावे असा नियम असतो, म्हणजे वरिष्ठांचे मत ऐकून तो दबत नाही. संस्थेच्या हिताची म्हणून ही रीत उत्तम आहे. परंतु त्या कनिष्ठाला ती तोफेच्या तोंडी बसविते. माझ्यानंतर चार ज्येष्ठ बोलायचे होते. त्यांतील कोणाचे त्या संपादकांशी काय नाते आहे, कोणी पोथी पाहिली आहे काय, मला ठाऊक नव्हते. माझ्या हातात तीन मुद्रणदोष होते. त्यांच्या बळावर मी एका नामवंताला खोटे ठरविणार होतो. नेमक्या त्या क्षणी मला अंगणातले वडील आठवले आणि ते वाक्य आठवले. मी म्हणालो, “संपादन विद्यार्थ्यांना उपयुक्त आहे.” मागचे चौघेही जवळजवळ तेच म्हणाले. पुस्तक लागले आणि काही वर्षे राहिले.

सहा-सात वर्षांनी विदर्भातील एका लहान गावातून आलेली विद्यार्थिनी माझ्याकडे आली. ती माझी विद्यार्थिनी नव्हती. दुसऱ्या मार्गदर्शकांकडे तिचे काम होते. तिने प्रबंधाचे एक संपूर्ण प्रकरण त्या पोथीच्या पाठांवर उभे केले होते. पोथी पाहावी म्हणून तिने दोनदा प्रवास केला होता. पहिल्यांदा संग्राहक गावी नव्हते आणि दुसऱ्यांदा अशी पोथी आपल्याकडे कधी नव्हती असे त्यांच्या घरून सांगण्यात आले. बहिःस्थ परीक्षकांनीही नेमके त्याच प्रकरणावर बोट ठेवून प्रबंध परत पाठविला होता. तिने सगळे सांगून झाल्यावर विचारले, “सर, तुम्ही त्या मंडळावर होतात. तुम्हाला तेव्हा काही शंका आली नव्हती का?”

मी ‘आली होती’ असे म्हणालो. आणखी काही म्हणण्यासारखे नव्हते. ती काही वेळ बसली, मग नमस्कार करून गेली. ते प्रकरण गाळून, दुसरे लिहून तिने पदवी मिळविली. त्यात तिची तीन वर्षे गेली. मी १९७५ मध्ये पावणेबारा रुपये घालविले होते ते माझे होते. ही तीन वर्षे माझी नव्हती.

त्यानंतर कितीतरी दिवस मी स्वतःची समजूत घालीत राहिलो. जागा पाहून मी शहाणपणाने वागलो. मी बोललो असतो, तरी चौघांपुढे माझे काय चालले असते. मागे खरोखरच कोणी पोथी पाहिलेला असता तर? हे सगळे हिशेबाने बरोबर होते. ते बरोबर असल्यामुळेच त्याने समाधान होत नव्हते.

काही वर्षांपूर्वी आत्येला भेटायला चेरीतालला गेलो होतो. तिने नव्वदी गाठली होती. ऐकू कमी येत होते, पण स्मरण लख्ख होते. बोलता बोलता त्या दिवाळीचा विषय निघाला. मी हसत म्हणालो, “आत्या, माझी शंका खरी होती आणि पैसे तू नेलेस. सत्तीच्या जोडीवर चार-चार रुपये लावायला तुझं धाडस मोठं.”

“धाडस कसलं?” ती म्हणाली. “मी टाकणारच होते पानं. सत्तीची जोडी ती काय! पण तू त्यांना पानं दाखवा म्हणालास आणि ते बस म्हणाले. तेव्हा मी पुन्हा पाहिलं. खरी पानं असती तर दाखवून तुला तिथंच उठवलं नसतं का त्यांनी?”

पन्नासेक वर्षे मी त्या डावाचा अर्धाच भाग स्मरणात ठेवला होता. वडिलांनी जे सांगितले ते खरे होते. मागे बसलेल्यांचा विचार न करता केवळ आपल्या शंकेवर पैसे लावीत जाणे हे चुकीचेच. पण मागे बसलेले केवळ आपल्याला हरविण्यासाठी बसलेले नसतात, ते ऐकतही असतात. पहिल्या जागेवरच्या माणसाजवळ निर्णय देण्याइतकी माहिती नसते, हे मान्य. प्रश्न विचारण्याइतकी ती असते. मी साइड शो मागितला, तो मिळाला नाही. तरीही त्या नकाराने जे उघड झाले, ते आत्येपर्यंत पोहोचले आणि मामांची हूल तिथेच मोडली. पैसे माझ्या हाती आले नाहीत, एवढेच.

अभ्यासमंडळात मला त्या गृहस्थांना खोटे ठरविण्याची गरजच नव्हती. ‘या पोथीच्या एखाद्या पानाचे छायाचित्र मागवून घेऊ या,’ एवढे एक वाक्य पुरले असते. ते मान्य झाले नसते असे समजू. पण ते वृत्तान्तात नोंदले गेले असते, आणि माझ्यामागे बसलेल्या चौघांपैकी कोणाच्या हातात एखादी सत्तीची जोडी होती, हे मला आता कधीच कळणार नाही. त्यांपैकी तिघे आज हयात नाहीत. त्यांनीही मनातल्या मनात माझ्यासारखीच शंका घेतली असेल आणि पहिलाच गप्प बसला म्हणून आपलीही पाने टाकली असतील, ही शक्यता मला सर्वांत अधिक बोचते.

समीक्षेचा व्यवसाय मी चाळीस वर्षे केला. या व्यवसायात शेवटच्या जागेवर बसण्याची सोय पुष्कळ आहे. पुस्तकाविषयी सगळे बोलून झाले, पारितोषिके देऊन झाली, की मग एखादा सावकाश, तोलून-मापून लिहिलेला लेख लिहावा. त्यात चुका कमी होतात आणि प्रतिष्ठा टिकते. मीही असे लेख लिहिले आहेत. त्यांतले निर्णय बहुधा बरोबर ठरले. ते ज्यांच्या उपयोगी पडायचे त्यांना मात्र ते उशिरा मिळाले.

चेरीतालहून परतल्यावर मी ते तीन मुद्रणदोष पृष्ठांकांसह एका छोट्या टिपणात मांडले. जुन्या छापील आवृत्तीतील आणि नव्या संपादनातील ओळी शेजारी शेजारी दिल्या, आणि हे दोष आपल्याला १९९३ मध्येच दिसले होते, असे शेवटी एका वाक्यात नमूद केले. एका त्रैमासिकाने ते छापले. त्या टिपणाची प्रत मी त्या विद्यार्थिनीला पाठविली; ती आता एका महाविद्यालयात शिकविते. आठवड्याभराने तिचे पत्र आले. टिपणाविषयी किंवा माझ्या त्या वाक्याविषयी त्यात काही नव्हते. तिसऱ्या दोषाचा जुन्या आवृत्तीतला पृष्ठांक मी चुकीचा दिला आहे, असे तिला वाटत होते, आणि मूळ पान पाहायला मिळेल का, असे तिने विचारले होते.

मी पान काढून पाहिले. तिचे म्हणणे बरोबर होते. त्याच दिवशी त्या पानाची छायाप्रत करून मी तिला धाडली.